पट कमी, कलमं तेवढीच : रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांचं एक प्रकरण

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडच्या छोट्या महाविद्यालयांतले प्राध्यापक मोटारसायकली बाहेर काढतात. वाडीवाडीवर जायचं, पास झालेल्या मुलांच्या पडवीत बसायचं, चहा घ्यायचा आणि पिशवीतून प्रवेशाचा अर्ज काढायचा. मी अशा फेऱ्या तीन वर्षं केल्या. तिसऱ्या वर्षी कणकवलीच्या पलीकडच्या एका वाडीत अकरा घरं फिरलो. सात घरांना कुलूप होतं. तीन घरांत नुसती म्हातारी माणसं. अकराव्या घरात खरोखरच बारावी झालेली मुलगी होती, चांगले बहात्तर टक्के मिळालेली. मी अर्ज पुढे केला. आजीने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "ती जातली मामाकडे, डोंबिवलेक."

परतताना रस्त्याकडेच्या कलमबागेत आंबा काढणी चाललेली दिसली. झाडावर एक पोरगा घळीने, म्हणजे काठीला बांधलेल्या झेल्याने, आंबे उतरवत होता, खाली त्याची वहिनी देठ सांभाळून ते क्रेटमध्ये लावत होती. दोघंही नेपाळचे. मी सहज पोराला वय विचारलं. एकोणीस.

सकाळपासून मी एकोणीस वर्षांच्या पोरांच्याच शोधात फिरत होतो. एक सापडला तो झाडावर, आणि तोही पश्चिम नेपाळचा. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्या दिवसामुळे.

उणे झालेले दोन जिल्हे

२००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती. २०११ च्या जनगणनेत ती १६,१५,०६९ भरली. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ ची ८,४९,६५१ झाली. म्हणजे दहा वर्षांत दोन्ही जिल्हे मिळून लाखभर माणसं कमी. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला. ना दुष्काळ, ना रोगराई, ना धरणाखाली गेलेला तालुका. तरीही माणसं कमी झाली.

कारणं जुनीच आहेत आणि ती इथे सगळ्यांना पाठ आहेत. गिरणगाव कोकणी माणसावर उभा राहिला, ५०-६० वर्षं गावाचा संसार मनीऑर्डरवर चालला. १९८२ च्या संपानंतर काही जण परत आले, पण त्यांची मुलं परत आली नाहीत. त्यांना विरार, डोंबिवली, नालासोपारा हेच गाव. १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली तेव्हा भाषणांतून ऐकलं होतं की आता उद्योग येतील, तरुण थांबेल. रेल्वेने तरुणाला जायला जास्त सोयीचं झालं. गणपतीला यायलाही, हे खरं.

जाण्यावर भर पडली ती कमी जन्मांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आला. पिढी जागच्या जागी राहायला तो २.१ लागतो. तळकोकणात हे आधीपासूनच चालू होतं. २०११ मध्ये राज्यात शंभरातली जवळपास १२ माणसं शून्य ते सहा वयाची होती, सिंधुदुर्गात ९ च्या आसपास.

एक आकडा मात्र दरवेळी अभिमानाने सांगितला जातो. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, सिंधुदुर्गात १०३६. महिला दिनाच्या भाषणात हा आकडा ऐकला नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. पण याच दोन जिल्ह्यांतलं सहा वर्षांखालच्या मुलामुलींचं प्रमाण पाहिलं तर हजार मुलग्यांमागे साडेनऊशे मुलीसुद्धा नाहीत. म्हणजे जन्माला येताना मुली कमीच येतात, आणि मोठेपणी बायका जास्त दिसतात त्या पुरुष मुंबईत असल्यामुळे. टाळ्या ज्या आकड्याला पडतात तो खरं तर गैरहजेरीचा आकडा आहे.

चौदा वर्षं घरात पडून असलेला अंदाज

लोकसंख्येच्या बाबतीत एक गोष्ट अगदी सोपी असते. २०४० साली शेअर बाजार कुठे असेल हे कुणी सांगू शकत नाही, पण २०४० साली अठरा वर्षांची मुलं जास्तीत जास्त किती असतील हे आज सांगता येतं, कारण ती जन्मलेली आहेत. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा या रकान्यात बसलेली बाळं २०२५ साली चौदा ते वीस वर्षांची झाली. बरोबर महाविद्यालयाच्या दारातलं वय. आमच्या वर्गात आज बाकं रिकामी दिसतात, त्याचा अंदाज चौदा वर्षांपूर्वी छापून आलेला होता.

तो आधी प्राथमिक शाळेने अनुभवला. वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात सुमारे १५ हजार निघाल्या, २०२३ साली त्या एकत्र करून समूह शाळा करायचा विचार पुढे आला आणि आरडाओरडा झाला. मग तीच ओहोटी माध्यमिक शाळेत आली. कोकण विभागीय मंडळात हे दोनच जिल्हे आहेत. दहावीच्या निकालात ते दरवर्षी राज्यात पहिलं येतं, २०२४ ला तर ९९.०१ टक्के. पेपरात पेढे भरवतानाचे फोटो येतात. त्या परीक्षेला दोन्ही जिल्ह्यांतून मिळून बसलेली मुलं सुमारे २७ हजार होती, ही ओळ बातमीत शेवटी असते, असली तर. शिक्षक संघटनांमधले लोक मात्र आधी तीच ओळ वाचतात, कारण तुकडी टिकणार की जाणार हे त्या ओळीवर ठरतं.

आराखड्यातला रकाना

आता मूळ प्रकरणाकडे. मी ज्या महाविद्यालयात होतो त्याचं नाव सांगत नाही. तालुक्याच्या गावी, कला आणि वाणिज्य, थोडं विज्ञान, अनुदानित तुकड्या दोन, बाकी विनाअनुदानित. कोकणात अशी खूप आहेत, कुणालाही आपलंच वाटेल.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाने पाच वर्षांचा बृहत आराखडा करायचा असतो. कुठल्या तालुक्यात कुठलं नवं महाविद्यालय, कुठला नवा अभ्यासक्रम लागेल ते त्यात ठरतं, आणि आराखड्यात नाव नसेल तर नवीन महाविद्यालयाला परवानगी नाही. कल्पना चांगली आहे. आम्ही ज्या मुंबई विद्यापीठात येतो त्यात मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सात जिल्हे येतात. एका टोकाला लोकलला लोंबकळणारी गर्दी, दुसऱ्या टोकाला दिवसाला दोन एसट्या असलेली वाडी. आराखडा एकच.

गरज ठरवताना जे माप वापरतात त्यात ढोबळ नोंदणी प्रमाण हे मोठं प्रस्थ आहे. अठरा ते तेवीस वयाची शंभर माणसं धरली तर उच्च शिक्षणात किती नावं नोंदली आहेत, तो आकडा. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशाचा २८.४ आणि महाराष्ट्राचा ३५.३ होता. नव्या शैक्षणिक धोरणाला २०३५ पर्यंत ५० गाठायचा आहे. त्यामुळे जिथे प्रमाण कमी तिथे महाविद्यालय वाढवा, असं साधं तर्कशास्त्र.

आमच्याकडे हे तर्कशास्त्र कसं उलटं पडतं ते डोंबिवलीला गेलेल्या त्या मुलीवरून बघा. तिचं नाव नोंदलं जाणार तिथल्या महाविद्यालयाच्या पटावर, कारण हे सर्वेक्षण महाविद्यालयांकडून माहिती घेतं, घरून नाही. म्हणजे भागाकारात वरचा आकडा गेला ठाण्याच्या खात्यात. पण खालचा आकडा, अठरा ते तेवीस वयाची लोकसंख्या, हा जनगणनेवरून पुढे ओढलेला अंदाज. २०११ ला ती इथे होती, पाटीवर ग म भ न गिरवत, म्हणून त्या अंदाजात ती अजून आमचीच. वरचा आकडा गेला, खालचा राहिला, प्रमाण पडलं. प्रमाण पडलं की कागदावर गरज सिद्ध होते. त्यामुळे एकाच तालुक्यात एकाच वर्षी दोन गोष्टी खऱ्या असू शकतात : बाकं रिकामी आहेत, आणि नव्या महाविद्यालयाची गरज आहे.

पुढची जनगणना २०२७ ची. ती होऊन तिचे तालुकावार तक्ते हातात येईपर्यंत आम्ही २०११ च्या बाळांनाच मोजत राहणार.

आमच्या महाविद्यालयात नव्या अभ्यासक्रमांचा प्रस्ताव करायची वेळ आली तेव्हा मी त्या समितीवर होतो. खोटं कशाला सांगू, आम्ही शेजारच्या महाविद्यालयाकडे बघितलं. त्यांनी माहिती तंत्रज्ञान मागितलं होतं, आम्हीही मागितलं. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "हे शिकून पोरगं इथे काय करणार?" कुणीतरी म्हणालं, "पुण्याला जाईल." त्यावर सर म्हणाले, "मग पुण्यालाच शिकेल की." आम्ही हसलो आणि प्रस्ताव पाठवला. तुकडी मिळाली. पहिल्या वर्षी जेमतेम भरली, तिसऱ्या वर्षी बंद पडली, आणि त्यासाठी घेतलेले संगणक आता परीक्षा विभागात आहेत.

काम कमी झालेलं नाही

माणसं कमी झाली म्हणून काम कमी झालं, असं आराखड्यात धरलेलं नसतं, पण मनात सगळ्यांच्या असतं. प्रत्यक्षात उलट आहे. हापूसची कलमं तेवढीच आहेत, किंबहुना लागवड वाढली. २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, भाव मिळायला लागला. बागायतदार सत्तरीचा, मुलगा कांदिवलीत. मग बाग राखायची कोणी? पावसाळा सरला की नेपाळी येतात, राखण, बेणणी, फवारणी, काढणी सगळं करतात आणि आंबा संपला की बहुतेक जण परत जातात. काही कुटुंबं बागेतल्या शेडमध्ये बारमाही राहिली आहेत. लोक त्यांना सरसकट 'गुरखे' म्हणतात, ते असोत नसोत.

बंदरावर तेच. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला होड्या लागतात तेव्हा बोलणं ऐका. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, इथला, खलाशी नेपाळी, नाहीतर कर्नाटकातले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा खलाशी गावी जातात. ते ऑगस्टात वेळेवर परतले नाहीत तर होडी किनाऱ्यावरच. २०२० च्या टाळेबंदीनंतर पहिल्यांदा इथल्या लोकांना उमगलं की आपला आंबा आणि आपली मासळी कुणाच्या हातावर चालते.

आणि आपल्याकडे या विषयांची विद्या नाही असंही नाही. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. 'रत्ना' आंबा दापोलीने दिला, वेंगुर्ल्याच्या केंद्राने काजूच्या जाती दिल्या, ज्यांवर आज सिंधुदुर्गातले काजू कारखाने चालतात. पण तिथला पदवीधर बँकेत कृषी अधिकारी होतो किंवा स्पर्धा परीक्षा देतो. बागेतल्या नेपाळी पोराला फवारणीचं प्रमाण शिकवायला कुणीच नाही, तो दुकानदार सांगेल तेवढं औषध ढवळतो. पदवी आणि काम यांच्यामधली ही जी पायरी आहे, सहा महिन्यांची, वर्षाची, हातात कौशल्य देणारी, ती आमच्या आराखड्यांमध्ये जवळजवळ नसतेच, कारण तिला तुकडी लागत नाही आणि तुकडी नाही तर पद नाही.

नव्या धोरणाने पदवीत कामावरचं प्रशिक्षण आणलं. आमच्या वाणिज्यच्या मुलांना त्यासाठी पाठवायचं कुठे, हा प्रश्न आला. कारखाना तालुक्यात नाही. सगळी मुलं तीन पतसंस्थांमध्ये वाटून दिली. एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी मला फोन केला, "सर, आठ पोरं पाठवलीत, आमच्याकडे खुर्च्या पाच आहेत."

डॉक्टर येतील, राहतील का?

दोन मोठ्या गोष्टी मात्र अलीकडे झाल्या. सिंधुदुर्गात २०२१ ला आणि रत्नागिरीत २०२३ ला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, प्रत्येकी १०० जागांची. म्हाताऱ्यांच्या जिल्ह्यात हे व्हायलाच हवं होतं, यात वाद नाही. आधी हृदयाचं काही झालं की गाडी गोव्याला, बांबोळीला. ती अजूनही जाते, पण थोडी कमी.

पण इथेही मोजमाप बघा. पूर्वी वैद्यकीय प्रवेशात ७०:३० असा प्रादेशिक कोटा होता, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, तो सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. त्या कोट्यातही कोकण विदर्भ-मराठवाडा सोडून 'उर्वरित महाराष्ट्रात' होतं, म्हणून जिल्ह्याला वेगळा फायदा तेव्हाही नव्हताच. आता राज्यभराची एकच गुणवत्ता यादी. नीट या प्रवेश परीक्षेची तयारी जिथे रुजली आहे, लातूर, नांदेड, राजस्थानातलं कोटा, तिथून मुलं येतात, हुशार मुलं येतात, सिंधुदुर्गात ओरोसच्या महाविद्यालयात शिकतात. पदवीनंतर एक वर्ष शासकीय सेवेचं बंधपत्र, नाहीतर दहा लाख भरायचे. त्यानंतर ती पदव्युत्तरला जाणार, आणि का जाऊ नयेत? शंभर जागांनी जिल्ह्याला इमारत मिळाली, रुग्णालय मिळालं, खाटा वाढल्या. जिल्ह्याला डॉक्टर मिळतील, हे त्या शंभरात कुठेच लिहिलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर बंद दारांच्या वाडीत पहिली निकड डॉक्टरची नसते. पाय मोडून पडलेल्या ऐंशीच्या आजोबांना कुशीवर कोण वळवणार, साखर कोण तपासणार, रात्री कोण थांबणार? ते काम करणारी बाई मिळत नाही. मिळाली तर मुंबईतला मुलगा मागतील तेवढे पैसे द्यायला तयार असतो.

म्हणून आम्ही एक लहानसा प्रयोग केला. ग्रामीण रुग्णालयातल्या निवृत्त परिचारिकाबाईंना विनंती केली आणि सहा महिन्यांचा रुग्णसहायक वर्ग काढला, शनिवार-रविवार, दुपारी. जाहिरात बारावी झालेल्या मुलींसाठी केली होती. आल्या वीसेक जणी, त्यात मुली चार-पाच. बाकी सगळ्या लग्न झालेल्या, तीस ते पंचेचाळीसच्या, नवरा मुंबईला किंवा गोव्याला, सासू घरात. त्यांतली एक म्हणाली, "सासूचा करतंयच, ता नीट शिकून घेतंय." एवढी हजेरी मी पदवीच्या वर्गात कधी पाहिली नव्हती. एस.टी. चुकली तर बायका चालत यायच्या.

जनगणनेतल्या त्या ११२२ आणि १०३६ मधल्या 'जास्तीच्या' बायका त्या ह्याच. आराखडा अठराच्या मुलांना शोधत असतो, आणि शिकायला तयार माणूस अडतीसचा असतो, इथेच राहणारा असतो, त्याला कुठेही जायचं नसतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून अशा लोकांसाठी दार उघडं ठेवलं आहे, पण ते मुख्यतः दुरून शिकायचं दार. कुशीवर वळवणं दुरून शिकता येत नाही.

वर्षअखेरीला या वीस जणींना विद्यार्थीसंख्येत कुठे दाखवायचं ते कुणालाच सांगता येईना. पदवीच्या त्या नव्हत्या, वयाने अठरा ते तेवीसमध्ये नव्हत्या. नोंदणी प्रमाणात त्यांची भर शून्य. संस्थेने विचारलं, यातून काय मिळालं? वर्ग दुसऱ्या वर्षी चालला, तिसऱ्या वर्षी परिचारिकाबाई मुलाकडे ठाण्याला गेल्या आणि तो थांबला. शिकलेल्यांपैकी दोघी मुंबईत रुग्णसेवेच्या कामाला लागल्या. आमच्या वर्गानेही चाकरमानी घडवले, असं मी नंतर बरेच दिवस म्हणत असे.

जर्मनीची बाजू

याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ मध्ये, महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार कुशल माणसं द्यायची : परिचारिका, वीजतंत्री, नळकाम करणारे, हॉटेलातले, वाहनचालक. जर्मनीचं गणित आमच्यासारखंच आहे, फक्त मोठं. १९६४ साली तिथे साडेतेरा लाख मुलं जन्मली, २०२३ साली सात लाखांच्याही आत. ती १९६४ ची पिढी आता निवृत्तीला आली. त्यांनी आपली रिकामी होणारी कामं धंद्यानुसार मोजली आणि माणूस कुठून आणायचा ते शोधायला निघाले.

आम्ही आमची रिकामी होणारी कामं अजून मोजलेली नाहीत. कणकवली तालुक्यात नळकाम करणारे किती, त्यांतले पन्नाशीपुढचे किती, हे मला एका कार्यालयात विचारून मिळालं नाही. माझ्या घराचा नळ दुरुस्त करणारे काका एकसष्टचे आहेत आणि त्यांच्या हाताखाली कुणी नाही.

मला नवं महाविद्यालय नको असं कुणी समजू नये. आहेत त्यांतली दोन-तीन एकत्र करून एक चांगलं चालवावं, गाडीभाडं मुलांना द्यावं, आणि मोकळ्या झालेल्या इमारतींत तालुक्याला लागणाऱ्या कामांचे छोटे वर्ग काढावेत, वयाची अट न घालता, तिथल्या शिक्षकाला पद देऊन. हे मी दोन बैठकांत बोललो. पहिल्या बैठकीत एकत्रीकरण हा शब्द ऐकताच तीन संस्थाचालक उठून गेले. दुसऱ्या बैठकीत तो विषय कार्यपत्रिकेवर नव्हता.

गेल्या मार्चमध्ये त्या कलमबागेच्या जवळच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. पट सतरा. त्यांत पाच मुलं बागेवरच्या नेपाळी कुटुंबांची. एक मुलगी सहावीत, वर्गात पहिली, मराठी अस्खलित, मधल्या सुट्टीत धाकट्या भावावर ओरडायची ती मात्र मालवणीत. मी मुख्याध्यापकांना विचारलं, ही बारावी झाली की आमच्याकडे तिला कुठल्या रकान्यात बसवायचं? रहिवास दाखला, जात, राष्ट्रीयत्व, काहीच जुळत नाही.

ते हजेरीपत्रक मिटत म्हणाले, "सर, ती सातवी होईपर्यंत आमची शाळा तरी राहू दे."